पिसू अंडं घालण्याआधी

पिसवा चावू लागल्या की घरातल्यांची नजर आधी कुत्र्याकडे किंवा मांजराकडे वळते. त्याला आंघोळ घातली जाते, पावडर चोळली जाते, दोन दिवस गॅलरीत बांधूनही ठेवलं जातं. आठवडा बरा जातो आणि पुन्हा घोट्याभोवती लाल पुरळ उठतं, जनावर पुन्हा शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडू लागतं. मग कोणी शाम्पूला दोष देतं, कोणी दुकानदाराला, आणि एखाद्या घरात जनावरच कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू होते. खरं तर शाम्पूने आपलं काम केलेलं असतं. अंगावर होत्या तेवढ्या पिसवा त्याने मारल्या, पण अंगावर होत्याच मुळी थोड्या. पिसवेच्या आयुष्याचे अंडं, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेली पिसू असे चार टप्पे असतात आणि यातला फक्त शेवटचा टप्पा जनावराच्या अंगावर जातो. पशुवैद्यकात नेहमी सांगितला जाणारा ढोबळ अंदाज असा, की पिसवा झालेल्या घरात एकूण संख्येपैकी निम्मी अंडी असतात, सुमारे ३५ टक्के अळ्या, १० टक्के कोष आणि उरलेल्या जेमतेम ५ टक्के पूर्ण वाढलेल्या पिसवा. प्रत्येक घरात हे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण त्यांचा कल पक्का आहे. म्हणून पिसवांचा बंदोबस्त करायचा तर दिसणारी पिसू मारत बसण्यापेक्षा तिचं अंडं घरात पडणारच नाही, अशी व्यवस्था करावी लागते. आणि आपल्या हवामानात ती पावसाळ्याच्या आधी लागू झालेली असावी लागते.

हे पटायला पिसू जगते कशी ते जवळून पाहायला हवं. घरात त्रास देते ती बहुतेक वेळा मांजराची पिसू. नाव मांजराचं असलं तरी ती कुत्र्यावरही तितक्याच सुखाने राहते, आणि आपल्याकडे कुत्र्यांवर आढळते ती हीच किंवा हिची अगदी जवळची जात. अंगावर उडी मारल्यावर ती काही मिनिटांतच रक्त प्यायला लागते आणि त्यानंतर २४ ते ४८ तासांत मादी अंडी घालायला सुरुवात करते. ऐन भरात एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचं, पांढरं, गुळगुळीत असतं. उवांच्या लिखा केसाला चिकटून बसतात, हे मात्र चिकटत नाही. कुत्रा अंग झटकतो, मांजर उडी मारतं, आणि अंडी घरंगळून खाली पडतात. सगळ्यात जास्त कुठे, तर जनावर जिथे सर्वाधिक वेळ लोळतं तिथे. अंडं फुटून निघालेली अळी बिनपायाची, आंधळी आणि उजेडाला बुजणारी असते. ती खाली, आत, अंधाराकडे सरकत जाते आणि तिथे मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे खरं तर वाळलेल्या रक्तावर जगते. ही विष्ठाही अंड्यांबरोबरच अंगावरून गळत असते, त्यामुळे जिथे अंडी तिथेच अळीचा शिधा. पुरेशी वाढ झाली की अळी रेशमाचा कोष विणते. तो चिकट असल्याने त्यावर आसपासची धूळ, केस, धागे बसतात आणि तो केरात बेमालूम मिसळून जातो.

हा कोष सगळ्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा आहे. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसवेपर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. पण कोषात तयार झालेली पिसू लगेच बाहेर पडेलच असं नाही. आसपास जनावराची चाहूल लागेपर्यंत ती आत थांबू शकते, गरज पडली तर काही महिने. पावलांची कंपनं, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांनी तिला इशारा मिळतो आणि क्षणात ती बाहेर येते. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाऊन आलेल्या कुटुंबाला बंद घराचं दार उघडताच पिसवांनी घेरावं, याचं कारण हेच. घरात कोणी नसताना त्या आल्या कुठून, असा प्रश्न लोक विचारतात. त्या आलेल्या नसतात, तयार होऊन बसलेल्या असतात. माणसाच्या घोट्यावर चावणाऱ्या पिसवेचंही तसंच. जनावराच्या अंगावर एकदा स्थिरावलेली पिसू सहसा ते अंग सोडत नाही, तिचं सगळं तिथेच चाललेलं असतं. आपल्या पायाला चावते ती बहुधा नुकतीच कोषातून निघालेली, अजून जनावर न सापडलेली पिसू. घोट्यावरचा चट्टा त्यामुळे कुत्र्यापेक्षा जमिनीबद्दल अधिक सांगतो.

पिसवेचा हिशेब जमिनीवर मांडायचा असतो, हा धडा जगाला मिळाला तो मुंबईत, तोही फार मोठी किंमत मोजून. १८९६ साली मुंबईत प्लेग उसळला, १८९७ मध्ये पुण्याने त्याचा कहर सोसला. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवा रोग पोचवतात असा प्रयोग मांडला, पण तो बरीच वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेच्या जागी, प्लेग आयोगाने त्याची कसून तपासणी केली. पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरचे वाचले, कारण तेवढी उंच उडी पिसवेला झेपली नाही. रोग हवेतून येत नाही, जमिनीवर वाट पाहणाऱ्या किड्याकडून येतो, हे त्या दोन उंचींनी दाखवून दिलं. इथे एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगायला हवी. ती उंदराची पिसू होती, आणि घरच्या कुत्र्या-मांजरावर पिसू दिसली म्हणून प्लेगची धास्ती घेण्याचं काही कारण नाही. धडा घ्यायचा तो जमिनीचा.

आता हवामानाकडे वळू. पिसवेच्या अळीला ओलावा लागतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती वाळून मरते, ७० ते ८० टक्क्यांना आणि २० ते ३० अंश तापमानाला ती झपाट्याने वाढते. हे वर्णन म्हणजे महाराष्ट्राचा जून ते सप्टेंबर. एप्रिल-मे महिन्यांत देशावर आणि विदर्भात दुपारची हवा इतकी कोरडी असते, की उघड्यावर पडलेली अंडी-अळ्या बहुतेक तगत नाहीत. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात मात्र हा कोरडा अडसर नाही. तिथे पिसवांना बारमाही सोयीचं हवामान आहे, म्हणून तिथल्या घरांनी हंगामाचा विचार न करता वर्षभराचाच बंदोबस्त ठेवावा. विदर्भातही एक पळवाट आहे, तिचा विचार फारसा होत नाही. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलेली खोली थंडही असते आणि ओलसरही, आणि कुत्रा नेमका त्याच खोलीत पलंगाखाली जाऊन पडतो. बाहेर पारा ४४ अंशांवर असताना त्या पलंगाखाली अळीसाठी पावसाळाच असतो. शिवाय उन्हाळ्यातून तगून राहिलेले थोडे कोषही पुरतात. दहा माद्यांनी दिवसाला सरासरी २० अंडी घातली असं धरलं तरी महिन्यात सहा हजार होतात. जुलैत एकाएकी पिसवा झाल्यासारखं वाटतं, तेव्हा सुरुवात बहुधा महिना-दीड महिना आधी झालेली असते.

म्हणून औषध सुरू करायचं ते खाज दिसल्यावर नव्हे, मे महिन्याच्या मध्यापासून. इथे औषधाचं काम नीट समजून घ्यायला हवं. नवी पिसू जनावरावर चढल्यापासून अंडं घालेपर्यंत एक ते दोन दिवस मिळतात आणि चांगलं औषध तिला त्या वेळातच मारतं. मानेच्या मागे, जिभेला पोचणार नाही अशा जागी केस बाजूला करून कातडीवर टाकायचे थेंब बहुतेक महिनाभर चालतात. चावून खायच्या गोळ्याही महिन्याच्या असतात, आणि फ्लुरालानरसारख्या काहींचा असर साधारण १२ आठवडे टिकतो. शाम्पूचा असर आंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जातो. दुसऱ्या दिवशी गादीतून निघालेली पिसू त्याच स्वच्छ अंगावर चढते आणि परवा अंडी घालू लागते. औषध घरातल्या प्रत्येक कुत्र्याला आणि मांजराला एकाच वेळी द्यावं लागतं, ज्याला खाज नाही त्यालाही. एक मांजर सुटलं तर अंड्यांचा झरा चालूच राहतो. आणि ते निदान तीन महिने, एकही मात्रा न चुकवता द्यावं लागतं. घरात आधीच असलेले कोष त्या काळात फुटत राहणार, त्यातली प्रत्येक पिसू औषध लावलेल्या जनावरावर चढणार आणि अंडं न घालता मरणार, असा हा हिशेब आहे. औषध दिल्यावरही महिनाभर अधूनमधून पिसू दिसली म्हणून ते कुचकामी ठरत नाही. तो जुना साठा संपत असतो. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक घरं कंटाळून औषध थांबवतात, आणि माझ्या मते पिसवा परत येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

पिसवा आहेत की नाहीत हे ओळखण्याचं साधन जवळजवळ प्रत्येक घरात असतं, ते म्हणजे लिखा काढायची बारीक दातांची फणी. शेपटीच्या मुळापासून पाठीवर आणि मानेभोवती ती कातडीला टेकवून फिरवावी आणि निघालेले काळे बारीक कण ओल्या पांढऱ्या कापसावर झटकावेत. माती असेल तर ती काळीच राहते. पिसवेची विष्ठा असेल तर मिनिटाभरात कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरतं, कारण ते पचलेलं रक्त असतं. एकही पिसू दिसली नाही, पण कापूस तांबडा झाला, तर पिसवा आहेत. मांजराच्या बाबतीत हीच कसोटी खरी, कारण मांजर स्वतःला चाटून पिसवा गिळून टाकतं आणि अंग स्वच्छ दिसतं. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना दोन-चार चावेही पुरतात आणि कंबरेच्या मागचे केस झडून कातडी लाल, जाड होते. अशा कुत्र्यावर पिसू सापडत नाही म्हणून खाजेचं कारण खाण्यात शोधत बसणं चुकीचं ठरतं. गिळलेल्या पिसवेतून जनावराच्या पोटात पट्टकृमी जातो आणि त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर दिसतात. अशा वेळी जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही इलाज केला नाही, तर काही आठवड्यांत कृमी परत येतो. लहान मुलाने खेळता खेळता पिसू गिळली तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण रांगतं मूल आणि कुत्रा एकाच सतरंजीवर असतील तर लक्षात असावं.

आपल्याकडे गालिचे कुठे असतात, फरशी तर रोज पुसतो, मग अंडी राहतील कुठे, असा एक रास्त प्रश्न येतो. गुळगुळीत फरशी आणि रोजचा केरवारा ही आपली जमेची बाजू आहेच. पाश्चात्त्य घरांतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिच्याइतका आसरा पिसवेला इथे नाही. पण कुंचा पोचत नाही अशा जागा प्रत्येक घरात असतात. दिवाणाखाली, सोफ्याच्या बैठकीच्या फटीत, पायपुसण्याच्या विणीत, जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत, कपाटामागे, आणि कुत्र्याला अंथरलेल्या पोत्याखाली तर खासच. ते पोतं महिनोन् महिने उचललं जात नाही, त्याखालची फरशी तेवढी पुसायची राहून जाते. जनावराचं अंथरूण उचलून नेता आणि धुता येईल असं जाड सुती असावं, आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुवावं आणि उन्हात वाळवावं. गाद्या-गोधड्या वैशाखातल्या उन्हात तापवण्याची जुनी रीत या कामी अगदी वेळेवर येते, कारण कोरडी उष्णता अंड्या-अळ्यांना मारते आणि हे काम पावसाच्या तोंडावरच होतं. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फटी आणि सोफा त्याने काढावा. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हॅक्युममध्ये ओढल्या गेलेल्या पूर्ण वाढलेल्या पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या, अळ्या आणि कोष तर सगळेच. यंत्राच्या कंपनांनी आणखी काही कोष फुटतात, तेही बरंच, कारण बाहेर पडलेली पिसू औषधाने मारता येते, कोषातली येत नाही.

कोषातल्या पिसवेपर्यंत फवारा नीट पोचत नाही, म्हणूनच पेस्ट कंट्रोल करून घेतल्यावर दोन आठवड्यांनी पिसवा परत दिसतात आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. फवारणीला माझा सरसकट विरोध नाही. घरभर पिसवा झाल्या असतील तर ती उपयोगी पडते, विशेषतः अंडी आणि अळ्यांची वाढ रोखणारं मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेनसारखं द्रव्य त्यात असेल तर. पण जनावरावरचं औषध चालू नसेल तर फवारणी हा खर्चिक दिलासा ठरतो. खाली फवारा मारायचा आणि वरून अंडी पडत राहायची, हे कधी संपणारं नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप रसायनांचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याच्या तपासणीत ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक आढळलं, आणि जनावरांवरची पिसवांची औषधं हा त्याचा एक मुख्य स्रोत असावा असा निष्कर्ष ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये काढला. गोळ्यांच्या बाबतीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली इशारा दिला, की आयसोक्साझोलीन गटातल्या औषधांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात. त्यामुळे ज्या कुत्र्याला आधी फिट आली आहे त्याच्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. थेंब टाकल्यावर काही दिवस कुत्र्याला नदी-तळ्यात सोडू नये, आंघोळही घालू नये. हे सगळं खरं असूनही औषध नकोच, हा त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही, कारण औषध टाळणारं घर सहसा रसायन टाळत नाही, अधिक वाईट रसायन वापरतं. रॉकेल चोळल्याने कातडी भाजते. फिनेलमधले फिनॉल मांजराच्या यकृताला निचरून टाकता येत नाहीत, आणि मांजर पंजे चाटतं. कापूर आणि डांबराच्या गोळ्या पोटात गेल्यास विषारी ठरतात. लसूण खाऊ घातल्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध अंदाजाने पातळ करून मांजराला लावणं जिवावर बेतू शकतं. कुत्र्यासाठीच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, त्यानेही मांजर मरतं, म्हणून मोठ्या कुत्र्याची कुपी अर्धी करून मांजराला लावायची काटकसर कधीही करू नये. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली ठेवल्याने फारसं बिघडत नाही, पण त्याने अंडी थांबत नाहीत, आणि त्याच्या भरवशावर जून निघून जातो. वजनानुसार नेमकी मात्रा, ठरलेल्या दिवशी, हंगाम सुरू होण्याआधी दिली, तर एकूण रसायन कमीच लागतं.

आमचा कुत्रा घराबाहेर जातच नाही, असं सांगणाऱ्यांनी जिन्याखालच्या मांजरांचा आणि खिडकीतून येऊन दूध पिऊन जाणाऱ्या बोक्याचा विचार करावा. त्यांच्या अंगावरून पडलेली अंडी जिन्यात आणि पार्किंगच्या सावलीत वाढतात आणि कोषातून निघालेली पिसू आपल्या पॅंटवर चढूनही घरात येते. या जनावरांना हुसकावून लावल्याने रिकामी जागा दुसरी येऊन घेतात. सोसायटीत रोज त्यांना खाऊ घालणारी माणसं असतातच. त्यांनाच हाताशी धरून पशुवैद्याच्या सल्ल्याने त्या जनावरांनाही मात्रा देता आली, तर सगळ्या इमारतीचा भार हलका होतो.

पिल्लांना मात्र यातली बहुतेक औषधं चालत नाहीत. सात-आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मोठ्यांच्या थेंबांतला एक थेंबही लावू नये. त्यांच्यासाठी फणी, कोमट पाणी, बेताचा साबण आणि लगेच कोरडं करणं, एवढंच सुरक्षित आहे. पिल्लांना दूध पाजणाऱ्या आईला कोणतं औषध चालेल ते डॉक्टरांना विचारून तिला द्यावं आणि सगळ्यांचं अंथरूण रोज बदलावं. मुठीत मावणाऱ्या पिल्लाच्या अंगात रक्त असतंच थोडं, आणि पन्नासेक पिसवा त्याला दोन-तीन दिवसांत धोक्याच्या टोकाला नेऊ शकतात. त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असायला हव्यात. पांढुरक्या दिसल्या आणि पिल्लू दुधाकडे ओढ घेत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावं.